कामाचे गाव, कराचे गाव आणि हक्काचे गाव

१/ कान्हे फाट्याहून अंदर मावळाकडे निघाले आणि इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक लागते. भाताची खाचरे आणि कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड येथे शेजारी शेजारी दिसतात. या कारखान्यांत राबणारे अनेक हात परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेले आहेत. त्यांच्या पगारपत्रकात दरमहा एक लहानशी वजावट असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ती ३०० होते आणि वर्षाची बेरीज २,५०० रुपये भरते. रक्कम लहान असली तरी तिच्यामागे काही शतकांचा एक प्रश्न उभा आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आणि आजच्या व्यवस्थेविषयीचे एक मत, असा हा थ्रेड आहे.

२/ प्रश्न साधा आहे. माणसाचे घर एका राज्यात आणि कमाई दुसऱ्या राज्यात असेल, तर त्याच्याकडून कर कोणी घ्यावा? आणि कर घेणाऱ्याने त्या बदल्यात त्याला काय द्यावे? अमेरिकेसारख्या देशात बहुतेक राज्ये स्वतःचा आयकर आकारतात, म्हणून तेथे या प्रश्नावर न्यायालये गाजली. भारतात आयकर केंद्राचा. त्यामुळे ‘कराच्या दृष्टीने हा माणूस कोणत्या राज्याचा’ हा प्रश्न आपल्याकडे उद्भवतच नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडे हा प्रश्न आयकराच्या दाराने न येता इतर दारांनी आत आला.

३/ आरंभ गावाच्या नावापासूनच करता येतो. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप, म्हणजे थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. एकाच नावाची दोन गावे दप्तरात वेगळी ओळखता यावीत म्हणून ही विशेषणे रूढ झाली. महसुलाच्या कारभाराला गावांत गल्लत चालत नव्हती, तशी माणसांतही चालत नव्हती. गावची वस्ती म्हणजे पांढरी आणि कसलेली जमीन म्हणजे काळी. काळीत राबणारा माणूस पांढरीतला आहे की बाहेरचा, हे ठरल्याशिवाय त्याच्यावरची आकारणी पुरी होत नसे. आजच्या भाषेत सांगायचे तर रहिवास हा तेव्हाही कराचा पाया होता.

४/ शिवकाळात आणि पेशवाईत देशावरच्या गावांत शेतकऱ्यांचे ठळक असे दोन वर्ग होते. पहिला मिरासदाराचा. त्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे. तो हक्क विकता येई, गहाण टाकता येई. गोतसभेत त्याच्या शब्दाला वजन असे आणि गावच्या मानपानात त्याचे स्थान ठरलेले असे. दुसरा वर्ग उपऱ्याचा. तो बाहेरून आलेला, ठरावीक मुदतीच्या बोलीने पडीक किंवा मालक नसलेली जमीन कसणारा. त्याला जमीन विकता येत नसे आणि गावच्या निवाड्यांत त्याचे मत कोणी विचारत नसे. ‘उपरा’ या शब्दाला आज जो कडवटपणा चिकटला आहे, त्याचे मूळ या महसुली भेदात आहे.

५/ या भेदाची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. मिरासदाराला आपल्या जमिनीचा पूर्ण ठरीव धारा भरावा लागे, पीक बुडाले तरी जबाबदारी सुटत नसे. शिवाय मिरासपट्टी नावाची जादा पट्टी वेळोवेळी त्याच्यावर बसे. उपऱ्याशी मात्र सरकारला बोली करावी लागे. पडीक जमीन लागवडीखाली यावी म्हणून त्याला पहिली काही वर्षे सवलतीचा, टप्प्याटप्प्याने चढत जाणारा धारा दिला जाई. त्याला इस्तावा म्हणत. जाच वाढला तर उपरी बैल सोडून दुसऱ्या गावी जाऊ शके. प्रत्येक परगण्यात तपशील वेगळा होता, पण सर्वसाधारण रीत ही होती.

६/ ही व्यवस्था समतेची नव्हती. जातीची उतरंड, वेठबिगार आणि वतनदारांचा जुलूम हे सारे तिच्यात होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक हिशेब उघड होता. ज्याचा हक्क पूर्ण त्याचा धारा पूर्ण. ज्याचा हक्क अपुरा त्याला धाऱ्यात सवलत. उपऱ्याला गावात मान कमी होता हे सरकारला ठाऊक होते आणि त्याची काही भरपाई दरात दिसत होती. आजच्या स्थितीचे माप घेण्यासाठी हा हिशेब ध्यानात ठेवायला हवा.

७/ शेती न करणाऱ्यांवर वेगळा कर होता. दुकानदार, कोष्टी, तेली, सुतार अशा व्यावसायिकांकडून मोहतर्फा घेतला जाई. आजच्या व्यवसाय कराचा तो पूर्वज म्हणता येईल. तो कमाईचा नेमका हिशेब मांडून ठरत नसे. धंदा, दुकान, माग, घाणा यांवर ठरत असे. जेथे धंदा तेथे कर. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात १८४४ साली शहर जकाती आणि व्यवसायांवरचे हे कर रद्द केले आणि त्याच सुमारास मिठावरचा कर वाढवला. कारागिराच्या धंद्यावरचा बोजा उतरला, तो त्याच्या भाकरीतल्या मिठावर चढला.

८/ व्यवसायावरचा कर फार काळ दूर राहिला नाही. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकर आणला. तो १८६५ मध्ये संपला. पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळली. भावी दुष्काळांसाठी गंगाजळी हवी म्हणून १८७८ मध्ये व्यापारधंद्यांवर परवाना कर बसवला गेला. त्या विरोधात सुरतेत एप्रिल १८७८ मध्ये दंगल झाली. दुष्काळासाठी व्यावसायिकांकडून कर घेण्याची ही कल्पना जवळजवळ १०० वर्षांनी महाराष्ट्रात पुन्हा अवतरणार होती.

९/ १८८६ च्या कायद्याने आयकर कायमचा झाला आणि शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले. १९२२ चा आयकर कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. मराठी मुलूख मात्र अखंड ब्रिटिश नव्हता. मावळ ब्रिटिश पुणे जिल्ह्यात, तर घाट उतरून गेल्यावर पालीचे सुधागड भोर संस्थानात. औंध, सांगली, मिरज, कोल्हापूर ही राज्ये वेगळी. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत उभा राहिला. एकाच भाषेची, एकाच सोयऱ्याधायऱ्यांची माणसे दोन करव्यवस्थांत राहत होती. राज्याची हद्द ओलांडून कमाई करणे हा येथे दैनंदिन व्यवहार होता.

१०/ म्हणून कायद्याला रहिवासाची व्याख्या करावी लागली. १९३९ च्या दुरुस्तीने वर्षात १८२ दिवसांच्या वास्तव्याची कसोटी आली. संस्थानात झालेली कमाई ब्रिटिश हद्दीत आणली नाही, तर तिला करातून सूट मिळे. पुढे दख्खनची बहुतेक संस्थाने मार्च १९४८ मध्ये आणि कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीन प्रदेशांना आयकराचा दर एकदम जाचू नये म्हणून १९४९ मध्ये सवलतींचा स्वतंत्र आदेश काढावा लागला. १८२ दिवसांची कसोटी आजही जिवंत आहे, पण आता ती देशाच्या सीमेवर लागते, राज्याच्या सीमेवर नव्हे.

११/ राज्यांनी कमाईवर हात टाकायचा की नाही, हा वाद त्याच काळातला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना व्यवसाय, धंदे आणि नोकऱ्यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला होता. १९३९ मध्ये संयुक्त प्रांताच्या काँग्रेस सरकारने मोठ्या पगारांच्या नोकऱ्यांवर भारी कर आकारण्याचे पाऊल उचलले. हा आडमार्गाने आलेला आयकरच आहे, अशी हरकत निघाली. मग ब्रिटिश पार्लमेंटने कायदा दुरुस्त करून अशा कराला माणशी वर्षाला ५० रुपयांची मर्यादा घातली. राज्याने व्यवसायावर कर घ्यावा, पण तो आयकर होईल इतका वाढवू नये, हे तत्त्व तेथे रुजले.

१२/ भारतीय संविधानाने तेच तत्त्व पुढे चालवले. शेतीखेरीज उत्पन्नावरचा कर केंद्राकडे, शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांकडे, आणि व्यवसाय व नोकऱ्यांवरचा करही राज्यांकडे. अनुच्छेद २७६ ने या शेवटच्या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना अमेरिकेशी तुलना करून स्पष्ट केले होते की, या संघराज्यात नागरिकत्व एकच राहील, राज्याचे वेगळे नागरिकत्व असणार नाही. टाकव्यातल्या कामगाराच्या बाबतीत हा सगळ्यात महत्त्वाचा दाखला आहे.

१३/ महाराष्ट्राचा व्यवसाय कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला, आणि त्याचा जन्म दुष्काळातला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ‘मागेल त्याला काम’ या कल्पनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. या योजनेसाठी शहरांतील नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी वाटा उचलावा, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असा बेत होता. कमावत्याने भुकेल्याच्या कामासाठी दिलेला पैसा, हे या कराचे मूळ स्वरूप. त्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा असेच ते आहे.

१४/ हा कर कामाच्या ठिकाणी लागतो. घर कोठे, मतदान कोठे, रेशनकार्ड कोठले, हे मालक विचारत नाही; पगारातून रक्कम कापून राज्याकडे भरतो. याचा परिणाम सीमेवर स्पष्ट दिसतो. चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या कारखान्यात २०,००० रुपये मिळवणाऱ्या पुरुष कामगाराचे वर्षाला २,५०० रुपये महाराष्ट्राला जातात, मग तो बेळगावचा असला तरी. तोच कामगार बेळगावच्या उद्यमबागेत त्याच पगारावर असता, तर त्याला काहीही द्यावे लागले नसते. कारण कर्नाटकने २०२३ पासून २५,००० पर्यंतचे पगार या करातून मोकळे केले. महाराष्ट्रात पुरुषांसाठी ही मर्यादा ७,५०० आहे. महिलांसाठी २०२३ मध्ये ती २५,००० झाली.

१५/ आयकराचे काय? तो केंद्र गोळा करते, पण त्याचा वाटा राज्यांना मिळतो, आणि तेथेही ‘कमाई कोठली’ हा वाद शिरला. १९३६ मध्ये सर ऑटो निमायर यांनी प्रांतांचे हिस्से ठरवताना रहिवास आणि लोकसंख्या या दोन्हींचा विचार केला. मुंबई आणि बंगाल यांना प्रत्येकी २० टक्के मिळाले. मुंबईचे म्हणणे असे की कर येथे गोळा होतो, तर वाटा येथे हवा. इतरांचे म्हणणे असे की कंपनीची कचेरी मुंबईत असली, तरी तिचा माल देशभर खपतो आणि तिचे कामगार देशभरातून येतात. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि आजही आहे.

१६/ फाळणीनंतर फेरवाटणी करण्याचे काम रायगडचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्याकडे आले. त्यांच्या १९५० च्या निवाड्यात मुंबईचा वाटा २१ टक्के ठरला. नियोगी यांच्या पहिल्या वित्त आयोगाने ८० टक्के भार लोकसंख्येला आणि २० टक्के वसुलीला दिला. मुंबईचा वाटा १७.५ टक्क्यांवर आला. पुढे वसुलीची कसोटी क्षीण होत गेली आणि दहाव्या आयोगाने ती सोडूनच दिली. २०२१ ते २०२६ या काळासाठी, सर्व केंद्रीय करांच्या विभाज्य निधीत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, बिहारचा १०.०५८ आणि उत्तर प्रदेशचा १७.९३९ टक्के ठरला.

१७/ हे आकडे पाहून मराठी माणसाच्या मनात सल उठतो. तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्याची दाद वित्त आयोगापुढे आणि संसदेत मागावी. पण त्याची वसुली टाकव्याच्या खोलीत सहा जणांत राहणाऱ्या मजुराकडून करता येत नाही. तो केंद्राच्या सूत्राचा कर्ता नाही. उलट त्याचा व्यवसाय कर पूर्णपणे महाराष्ट्राचा. वस्तू व सेवा कर उपभोगाच्या ठिकाणचा असल्याने, कामशेतच्या बाजारात तो साबण, बूट, मोबाइल घेतो त्यावरचा राज्याचा हिस्साही महाराष्ट्राचाच. घरी पाठवलेल्या पैशाची चर्चा होते. येथे भरलेल्या कराची होत नाही.

१८/ आता हक्कांची बाजू. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला मिळायला सर्वसाधारणपणे सलग १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. राज्याच्या कित्येक सवलती, प्रवेश आणि योजना या दाखल्यावर अडतात. २०२४ च्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत अटी सैल केल्या, तेव्हाही दाखल्याला पर्याय म्हणून १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला अशी कागदपत्रे मागितली गेली. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबाजवळ एवढा जुना कागद कोठून असणार? कर पहिल्या पगारापासून सुरू होतो; ओळख १५ वर्षांनी, तीही कागद जपून ठेवले असतील तर.

१९/ येथे उपऱ्याचा हिशेब पुन्हा आठवावा. पेशवाईतल्या उपऱ्याचा हक्क अपुरा होता, पण त्याचा धाराही सवलतीचा होता. आजच्या उपऱ्याकडून धारा मिरासदाराइतका घेतला जातो आणि हक्क मात्र उपऱ्याचाच राहतो. घेताना कामाच्या गावाची मोजपट्टी, देताना जुन्या रहिवासाची. राज्य दोन मोजपट्ट्या वापरते आणि दोन्ही वेळा माप स्वतःच्या बाजूने टाकते. एकच नागरिकत्व सांगणाऱ्या संविधानाखाली, जुन्या राजवटीने उघडपणे मान्य केलेली भरपाईसुद्धा हरवली आहे. या थ्रेडचे म्हणणे एवढेच आहे की ही तफावत न्यायाची नाही.

२०/ ही तफावत परप्रांतीयांचीच अडचण आहे असे वाटत असेल, तर सिंधुदुर्गाकडे पाहावे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी येथील हजारो तरुण रोज गोव्यात कामाला जातात. गोव्यात व्यवसाय कर नाही आणि ही मंडळी बाजारहाटही बहुधा आपल्या गावी करतात, म्हणून गोव्याच्या तिजोरीत त्यांची थेट भर कमी, हे मान्य. पण गोव्याचे कारखाने, हॉटेले आणि बांधकामे त्यांच्या श्रमावर चालतात. २०१८ च्या आरंभी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटले. अधिवासासाठी गोव्याचीही अट १५ वर्षांचीच. मराठी माणूस तेथे उपरा ठरला.

२१/ हद्दीपलीकडचा रोजगार अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनाही परिचित आहे. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारा न्यूयॉर्कला कर भरतो आणि त्याची वजावट न्यू जर्सीत मिळवतो. १९२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एक महत्त्वाचा खटला आला. न्यूयॉर्क बाहेरच्या नोकरदारांकडून कर घेत होते, पण रहिवाशांना मिळणारी वैयक्तिक सूट त्यांना देत नव्हते. न्यायालयाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या: कमाई जेथे, तेथे कर घेण्याचा राज्याला अधिकार आहे, पण करात सामील केलेल्याला सवलतीतून वगळण्याचा अधिकार नाही. दोन्ही वाक्ये एकत्र वाचायची आहेत.

२२/ यावर टाकव्यासारख्या गावाचा आक्षेप खरा आहे आणि तो ऐकला पाहिजे. वस्ती वाढली की पाणी कमी पडते, कचरा साचतो, रस्ते खचतात, भाडी चढतात. ग्रामपंचायतीच्या हाती प्रामुख्याने घरपट्टी, पाणीपट्टी आणि कारखान्यांवरची आकारणी. कामगाराच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर मात्र राज्याच्या तिजोरीत जातो. केरळ आणि तामिळनाडूत हा कर स्थानिक संस्था आकारतात आणि त्यांच्याच पदरी पडतो. महाराष्ट्रात गावाला माणसांचा भार मिळतो, त्या माणसांचा कर मिळत नाही. मग गावकऱ्यांना बाहेरचा माणूस ओझे वाटला, तर दोष एकट्या गावकऱ्यांचा नाही.

२३/ म्हणून तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली: व्यवसाय कराचा ठरावीक हिस्सा, ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत काम होते तिला पाणी, स्वच्छता आणि आरोग्यासाठी परत द्यावा. दुसरी: पगारातून कापलेल्या व्यवसाय कराची नोंद वास्तव्याचा पुरावा म्हणून धरावी, आणि आरोग्य, मुलांचे शिक्षण, निवारा यांसाठी १५ वर्षांऐवजी सलग काही वर्षांचा कर पुरेसा मानावा. तिसरी: गोवा आणि कर्नाटक यांच्याशी सीमेवरच्या रोजगारासाठी परस्पर करार करावा, शिनोळीत आलेल्या बेळगावकराला जे मिळेल, ते बांबोळीत गेलेल्या दोडामार्गकराला मागता यावे.

२४/ यांतले काहीच अशक्य नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात वर्षाकाठी ९० दिवसांच्या कामावर नोंदणी होते. तेथे काम हाच पुरावा मानला गेला. केंद्राच्या ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेचा आरंभीचा प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यातच झाला. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालू शकते हे सिद्ध झाले. आरक्षण आणि सरकारी नोकऱ्यांचे प्रश्न निराळे, त्यांचा विचार निराळ्या तत्त्वांवर व्हावा. येथे मागणी फक्त एवढीच की, ज्या नोंदीवर कर घेतला जातो ती नोंद इतर वेळी निरुपयोगी ठरू नये.

२५/ मावळाला बाहेर जाऊन कमावणे नवे नाही. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबई त्यांच्याच राज्यात राहिली, म्हणून त्यांना कोणी अधिवास विचारला नाही. १९६० मध्ये राज्याची रेषा निराळी ओढली गेली असती, तर हेच डबेवाले मुंबईत उपरे ठरले असते. टाकव्याच्या पगारपत्रकावरचे २०० रुपये हे महाराष्ट्राने दुष्काळातल्या भुकेल्यांसाठी मागितलेले योगदान होते. ज्याने ते दिले, त्याला महाराष्ट्राने आपल्या पांढरीत धरले पाहिजे. तसे करायचे नसेल, तर जुन्या सरकारप्रमाणे धारा तरी कमी करावा. (समाप्त)